ही गोळी फोडली तर चालते का?

दुपारची कामं आवरली असतील तर बसा, नसतील आवरली तर हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. आम्ही बचत गटाच्या चौघीजणी आज बोलणार आहोत. वाचणार आमच्यातली एकच, पण लिहिलं आहे चौघींनी मिळून.

सुरुवात एका डागापासून करू. हळदीच्या कार्यक्रमात पांढऱ्या कपड्यावर हळद सांडते. आपण डागाला साबण लावतो आणि पिवळा डाग एकदम लाल होतो. नवी सून घाबरते, म्हणते साडी गेली. सासू म्हणते, अगं, नीट धू आणि उन्हात टाक, जाईल. हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. त्याच लाल डागावर लिंबू पिळून पाहिलंत का कधी? तो परत पिवळा होतो. साबण खाराकडचा, लिंबू आंबटाकडचं. हळदीला दोघांतला फरक कळतो आणि ती रंग बदलून सांगते. हळदीत चुना कालवला की लाल होतं, तेही याचमुळे.

आज आपला विषय हाच आहे, आंबटपणा ओळखणाऱ्या वस्तू. पण आपण हळदीवर थांबणार नाही, औषधाच्या गोळीपर्यंत जाणार आहोत. आपल्या घरातल्या काही गोळ्यांच्या अंगावर असंच आंबट ओळखणारं पातळ कवच असतं. ते कवच आपण खलबत्त्यात कुटून टाकतो. आमच्या गटातही तेच झालं आणि त्याचा त्रास एका आजींना सोसावा लागला.

या आजी आमच्यातल्या एकीच्या सासूबाई. दोघींनाही विचारून ही गोष्ट सांगतोय. त्या एवढंच म्हणाल्या, नाव घेऊ नका, बाकी सगळं सांगा, दुसऱ्या कुणाच्या घरात असं व्हायला नको.

आजींचं वय बहात्तर. गुडघे धरलेले. डॉक्टरांनी दुखण्याची गोळी दिली आणि त्या गोळीनं पोट बिघडू नये म्हणून सकाळी उपाशीपोटी घ्यायची दुसरी गोळी दिली. तिला आपण गॅसची गोळी म्हणतो. आजींना दात थोडे, गोळी घशात अडकल्यासारखी वाटायची. एकदा उलटीही झाली. सुनेनं मग तोडगा काढला. दोन्ही गोळ्या खलबत्त्यात बारीक कुटायच्या, पिकल्या केळ्यात कालवायच्या आणि चमच्यानं भरवायच्या. रोज न चुकता, प्रेमानं. शेजारणींनी कौतुक केलं. आम्हीही केलं. आमच्यातल्या दोघींनी घरी जाऊन तसंच सुरू केलं, हेही कबूल करतो.

दोनेक महिन्यांत आजींची जळजळ वाढली. जेवण कमी झालं. उठताना घेरी यायला लागली. मग एक दिवस शौचाला काळं, डांबरासारखं झालं. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर शौचाचा रंग काळपट होतो, पण आजींना लोहाच्या गोळ्या चालू नव्हत्या. तालुक्याला दवाखान्यात नेलं. जठरात जखम होऊन आतल्या आत रक्त जात होतं. रक्ताच्या दोन पिशव्या द्याव्या लागल्या.

तिथल्या डॉक्टरबाईंनी सुनेला विचारलं, "आजींना गोळ्या कशा देता?"

ती म्हणाली, "कुटून, केळ्यात कालवून देते, मॅडम."

डॉक्टरबाई थांबल्या. म्हणाल्या, "या दोन्ही गोळ्या कुटायच्या नसतात. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का?"

कुणी सांगितलं नव्हतं. तपासणीच्या खोलीबाहेर रांग होती. मेडिकलमध्ये गर्दी होती. पाकिटावर एक-शून्य-शून्य लिहून दिलं आणि पुढच्याला हाक मारली. पाकिटामागं बारीक इंग्रजी अक्षरं होती, ती वाचायची कुणी? सून तिथंच रडायला लागली. "म्हणजे मीच केलं का हे?" असं विचारत होती.

डॉक्टरबाईंनी जे उत्तर दिलं ते नीट ऐका, कारण ते खरं आणि समतोल होतं. त्या म्हणाल्या, "सगळा दोष कुटण्याचा नाही. दुखण्याची गोळी रक्तात गेल्यावरही जठराच्या अस्तराला कमजोर करते. कवच शाबूत असलं तरी हा धोका राहतो. त्यात आजींचं वय आणि रोजची गोळी. पण पोटाची राखण करायला जी दुसरी गोळी दिली होती, ती कुटल्यामुळे नीट कामाला आली नाही. राखणदार दारातच पडला."

राखणदार दारात कसा पडला, हे समजून घ्यायला आम्ही पुढचे दोन महिने आशाताईंना विचारलं, औषधशास्त्र शिकणाऱ्या आमच्या एका भाचीला विचारलं, तिची पुस्तकं तिच्याकडून समजून घेतली. जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

आधी आंबटपणा मोजायचा कसा ते पाहू. जिभेनं आपल्याला चिंच जास्त आंबट की टोमॅटो ते सांगता येतं, पण जठरातला आंबटपणा जिभेनं कसा सांगणार? १९०९ साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात सोरेनसन नावाच्या शास्त्रज्ञांनी यासाठी एक मोजपट्टी मांडली. ते बिअर बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत होते. त्या मोजपट्टीला पीएच म्हणतात. माती परीक्षणाच्या कागदावर तुम्ही हा शब्द पाहिला असेल. शून्यापासून चौदापर्यंत पायऱ्या. मधली सात ही ना आंबट ना खारी, शुद्ध पाण्याची. सातच्या खाली उतरत जाल तसा आंबटपणा वाढतो, वर चढत जाल तसा खार वाढतो. दूध साडेसहाच्या थोडं वर. दही साडेचारच्या आसपास. लिंबाचा रस दोनच्या आसपास. खाण्याच्या सोड्याचं पाणी आठच्या थोडं वर.

यातली मेख अशी की एक पायरी म्हणजे दहापट फरक. दोन पायऱ्या म्हणजे शंभरपट.

आता हीच पट्टी पोटाला लावा. उपाशीपोटी जठरातला रस साधारण एक ते तीनच्या दरम्यान असतो, म्हणजे लिंबाच्या बरोबरीचा, कधी त्याहून आंबट. जठरातून अन्न पुढे लहान आतड्यात सरकलं की तिथं दुसरे रस मिसळतात आणि आंबटपणा झपाट्यानं कमी होतो. पीएच सहाच्या आसपास आणि पुढे सातपर्यंत जातो. दोनवरून सहा म्हणजे चार पायऱ्या, म्हणजे दहा हजारपट फरक. आपल्याच पोटात, दोन शेजारच्या खोल्यांत, एवढा फरक. याच फरकाचा उपयोग गोळी करणाऱ्यांनी करून घेतला.

पण गोळीला कसं कळतं की आपण कुठल्या खोलीत आहोत? तिला डोळे नाहीत की नाक नाही. इथं आपलं दूध मदतीला येतं.

दुधात केसीन नावाचं प्रथिन असतं. प्रथिन म्हणजे लहान लहान मण्यांची लांबलचक माळ. अशा माळेसारख्या रचनेला शास्त्रात पॉलिमर म्हणतात. प्लॅस्टिक पॉलिमर आहे, कापूस, केस, लोकर हेही पॉलिमरच. दुधातल्या केसीनचे बारीक गोळे एकमेकांना दूर ढकलतात, कारण त्यांच्या अंगावर एकाच जातीचा विजेचा भार असतो. म्हणून ते दुधात पसरून राहतात आणि दूध एकसारखं दिसतं. लिंबू पिळलं की आंबटपणा तो भार काढून घेतो. दूर ढकलणारं काही उरत नाही, गोळे एकमेकांना चिकटतात आणि दूध फाटतं. साधारण ४.६ या पायरीला हे पूर्ण होतं. विरजण लावल्यावर हेच सावकाश घडतं. विरजणातले जिवाणू आंबटपणा तयार करतात आणि रात्रभरात दही लागतं. म्हणजे आंबटपणा बदलला की आकार बदलणारी माळ आपण रोज चुलीजवळ हाताळतो. नाव तेवढं माहीत नव्हतं.

गोळीच्या कवचातली माळ अशीच वागते. त्या माळेला ठिकठिकाणी आंबट जातीची टोकं जोडलेली असतात. व्हिनेगरच्या आंबटपणात ज्या जातीची टोकं असतात, त्याच जातीची. जठराच्या आंबट रसात ही टोकं शांत बसतात, त्यांच्यावर भार नसतो. माळ आवळून, एकमेकींना बिलगून राहते, पाण्याला आत शिरू देत नाही. कवच घट्ट राहतं. पुढे आतड्यात आंबटपणा कमी झाला की प्रत्येक टोकावर सारख्याच जातीचा भार येतो. सारखे भार एकमेकांना ढकलतात. माळ उलगडते, मध्ये फटी पडतात, पाणी शिरतं, कवच फुगतं आणि विरघळून जातं. गोळी उघडी पडते आणि औषध बाहेर येतं. कवचाला अक्कल नाही, पण त्याची घडण अशी केली आहे की पीएच साडेपाच किंवा सहाच्या वर गेल्याशिवाय दार उघडायचं नाही.

हे कवच किती जाड असेल? साधारण आपल्या केसाएवढं. एवढ्यावर सगळा खेळ. आणि आपण त्यावर बत्ता मारतो.

माणसाला ही युक्ती एका दिवसात सुचली नाही. १८८४ साली जर्मनीतल्या उन्ना नावाच्या त्वचारोगतज्ज्ञांनी गोळ्यांना केराटिनचा लेप दिला. केराटिन म्हणजे आपल्या नखांत, केसांत आणि जनावराच्या शिंगांत असतं ते. त्याचं काम बेभरवशाचं होतं.

नंतर वापरात आली आपली लाख. हो, बांगड्यांची लाख. सोनार पोकळ मण्यांत भरतो तीच. पळस, बोर आणि कुसुमाच्या झाडावर लाखेचे बारीक किडे बसतात आणि फांदीवर लाखेचा थर करतात. आपल्याकडे गोंदिया, गडचिरोली भागात हे पीक घेतलं जातं. झारखंडात रांचीजवळ नामकुम इथं १९२४ साली लाखेवर संशोधन करणारी संस्थाही सुरू झाली. लाख आंबट पाण्यात विरघळत नाही, पण टाकणखाराच्या पाण्यात विरघळते. म्हणजे तिलाही आंबट-खार कळतं. म्हणून गोळीवर लाखेचा लेप देऊन पाहिला. अडचण अशी की लाख झाडाच्या पदार्थासारखी, दरवेळी एकसारखी नसते. जुनी झाली की कडक होते. कधी आतड्यातही वेळेवर विरघळत नाही, आणि मग गोळी तशीच बाहेर पडते.

त्यानंतर कापसात आणि लाकडात असतो त्या सेल्युलोजवर प्रक्रिया करून कवच बनवायला लागले. १९५० च्या दशकात जर्मनीत माणसानं घडवलेल्या माळा आल्या. दिवाळीला बाजारात ॲक्रिलिकच्या तयार रांगोळ्या मिळतात ना, त्या ॲक्रिलिकच्याच कुळातल्या या माळा. यांचा फायदा असा की माळेत आंबट टोकं किती ठेवायची ते ठरवता येतं. त्यावरून दार कुठल्या पायरीला उघडायचं तेही ठरवता येतं. एक प्रकार साडेपाचला उघडतो, एक सहाला, एक सातला. सातचा प्रकार औषध आतड्यात बरंच पुढे न्यायचं असेल तेव्हा वापरतात.

हे सगळं ऐकून आमच्या गटातल्या एक मावशी म्हणाल्या, "सांगायला ठीक आहे, दाखवा." त्यांचं बरोबर होतं. आम्ही बैठकीतच करून पाहिलं. मुदत संपलेलं गॅसच्या गोळ्यांचं एक पाकीट भाचीनं आणलं होतं. दोन काचेचे ग्लास घेतले. एकात व्हिनेगर, दुसऱ्यात कोमट पाण्यात विरघळवलेला खाण्याचा सोडा. दोन्हीत एकेक गोळी टाकली आणि हिशेबाची वही काढून कामाला लागलो. तासाभरानं पाहिलं तर सोड्यातली गोळी फुगून फुटलेली, तळाशी पांढरा गाळ. व्हिनेगरमधली गोळी टाकली होती तशी. दोन तासांनी बैठक संपली तरी ती तशीच होती. मावशी ग्लास उजेडाकडे धरून म्हणाल्या, "बाई गं, हिला खरंच कळतंय."

कारखान्यातही अशीच परीक्षा घेतात. आपल्या देशात औषधांच्या कसोट्या ठरवणारा इंडियन फार्माकोपिया नावाचा ग्रंथ आहे. अशा गोळीनं जठरासारख्या आंबट पाण्यात दोन तास शाबूत राहायचं आणि मग ६.८ पीएचच्या पाण्यात तासाभरात विरघळायचं, अशी कसोटी असते.

तुम्ही घरी करून पाहणार असाल तर एक सांगतो. चालू औषधातली गोळी वाया घालवू नका. आणि प्रयोगाचे ग्लास मुलांच्या हाती लागू देऊ नका, लगेच धुऊन टाका.

आता कवच द्यायची कारणं. मुख्य दोन आहेत.

पहिलं कारण, औषधाला जठरापासून वाचवायचं. गॅसच्या गोळ्यांमधली पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल ही औषधं आंबटात नासतात. जठराचा आंबटपणा कमी करणं हेच त्यांचं काम, पण ते त्या जठरात थेट सांडून करत नाहीत. आतड्यातून रक्तात जातात आणि रक्तातून जठराच्या पेशींपर्यंत पोहोचून आम्ल तयार होणं थांबवतात. गोळी कुटली की औषध आंबट रसात पडतं, काही मिनिटांतच नासायला लागतं आणि रक्तात फारच थोडं पोहोचतं. आजींचा राखणदार दारात पडला तो असा.

दुसरं कारण, जठराला औषधापासून वाचवायचं. डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी, ॲस्पिरिनच्या काही गोळ्या, फिट येणाऱ्यांना देतात ती सोडियम व्हॅल्प्रोएटची गोळी, या जठरात उघडल्या तर अस्तराला झोंबतात. म्हणून त्यांना कवच. मात्र डॉक्टरबाई म्हणाल्या तसं, कवच आहे म्हणून ही गोळी कितीही खावी असं अजिबात नाही. दुखण्याच्या गोळ्या आपल्या मनानं महिनोन्‌महिने घेऊ नयेत.

पोट साफ होण्यासाठी बिसॅकोडिलची गोळी मिळते, तिलाही असंच कवच असतं. ती दुधाबरोबर किंवा पित्ताच्या पातळ औषधाबरोबर घेऊ नये, मध्ये तासाभराचं अंतर ठेवावं. का, ते आता तुमचं तुम्हालाच सांगता येईल. दुधानं किंवा त्या औषधानं जठरातला आंबटपणा उतरतो, कवचाला वाटतं आतडं आलं, आणि ते आधीच उघडतं. मग पोटात मुरडा येतो.

सगळी कवचं अशी नसतात, हेही लक्षात घ्या. शाळेतल्या मुलांच्या गुलाबी, किशोरींच्या निळ्या, गरोदर बायकांच्या लाल लोहाच्या गोळ्या मिळतात. त्यांच्यावर साखरेचा थर असतो, तो चवीसाठी. लोह आतड्याच्या अगदी सुरुवातीलाच शोषलं जातं, तिथं उशिरा उघडणारं कवच कामाचं नाही. काही कवचं तर उलट्या स्वभावाची असतात. तोंडातल्या लाळेत बंद राहतात आणि जठराच्या आंबटात उघडतात. कडू औषध जिभेला कळू नये म्हणून ती वापरतात.

या उलट्या स्वभावाचा उपयोग गुरांच्या खाद्यातही केला आहे. गाय रवंथ करते. तिच्या पोटाचे चार कप्पे. पहिल्या मोठ्या कप्प्यात पीएच साधारण सहाच्या आसपास आणि तिथले जिवाणू जे मिळेल ते खाऊन टाकतात. जास्त दूध देणाऱ्या गायीला मेथिओनिनसारखा प्रथिनाचा महाग घटक द्यायचा तर तो तिथंच संपतो. म्हणून त्याच्या दाण्यांना असा लेप देतात की पहिल्या कप्प्यात तो टिकावा आणि चौथ्या कप्प्याच्या आंबटात विरघळावा. असं खाद्य भरडून, शिजवून घातलं तर पैसे पाण्यात. खलबत्त्याची चूक गोठ्यातही होऊ शकते.

आता कामाचं बोलू. घरी जाऊन काय करायचं?

पहिली गोष्ट, गोळ्यांचं पाकीट काढा. शाळेत जाणाऱ्या मुला-मुलीला जवळ बसवा. औषधाच्या नावाजवळ एन्टेरिक कोटेड, गॅस्ट्रो-रेझिस्टंट किंवा डिलेड रिलीज असे शब्द आहेत का, ते वाचायला सांगा. कधी नुसती ई सी किंवा डी आर अशी अक्षरं असतात. यातलं काही दिसलं तर ती गोळी कुटायची नाही, अर्धी करायची नाही, चावायची नाही. पाण्याबरोबर अख्खी गिळायची.

दुसरी गोष्ट, एस आर, ई आर, एक्स आर, एक्स एल अशी अक्षरं दिसली तरी तोच नियम. साखरेच्या आजाराची मेटफॉर्मिन पुष्कळ घरांत असते, ती बऱ्याचदा एस आर असते. तिचा आंबटपणाशी संबंध नाही. ती औषध हळूहळू सोडते. कुटली तर दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. कधी अशा गोळीचं रिकामं सालपट किंवा मऊ गोळा शौचातून पडलेला दिसतो. औषध शोषलं गेलेलं असतं, घाबरू नका.

तिसरी गोष्ट, गोळी पाकिटातून आधीच काढून डबीत टाकून ठेवू नका. दमट हवेनं कवच खराब होऊ शकतं. सोडियम व्हॅल्प्रोएट तर ओल फारच लवकर धरते. घ्यायच्या वेळीच पाकीट फोडा.

चौथी गोष्ट, गोळी गिळता येत नसेल तर गप्प बसू नका. आधी ताठ बसवा, एक घोट पाणी प्यायला द्या, मग गोळी आणि वर भरपूर पाणी. मान मागे टाकायची नाही, हनुवटी किंचित खाली. लगेच आडवं व्हायचं नाही. तरीही जमत नसेल, किंवा पाणी पितानाही ठसका लागत असेल, तर डॉक्टरांना सांगा. बऱ्याच औषधांचा पातळ प्रकार मिळतो, पाण्यात विरघळणारी पुडी मिळते, किंवा बदली औषध देता येतं. ओमेप्राझोलच्या काही कॅप्सूल उघडून आतले बारीक दाणे मऊ पदार्थाबरोबर न चावता गिळता येतात, कारण तिथं कवच प्रत्येक दाण्यावर असतं. पण हेही विचारूनच. आणि हे ऐकून घाबरून चालू गोळी एकदम बंद करू नका. फिटची गोळी तर कधीच नाही.

पाचवी गोष्ट, या नियमाला एक अपवाद आहे. छातीत जोराची कळ येऊन हृदयविकाराच्या झटक्याची शंका असेल तेव्हा डॉक्टर स्वतःच ॲस्पिरिन चावून खायला सांगतात, कारण त्या वेळी औषध झटपट रक्तात जायला हवं असतं. तेव्हा डॉक्टर सांगतील तसं करा.

आणि शौचाला डांबरासारखं काळं होणं, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसणं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणं, यातलं काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आमच्या गटानं आता एक पद्धत पाडली आहे. महिन्याच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीतून आणायची. हप्ते गोळा झाले की आशाताई आणि गटातली एक दहावी झालेली मुलगी ती पाकिटं वाचतात. ज्या गोळ्या फोडायच्या नाहीत त्यांच्या चालू पाकिटावर लाल टिकली चिकटवायची. कपाळाची टिकली, प्रत्येकीच्या घरात असतेच. लाल टिकली म्हणजे खलबत्ता लांब. पहिल्याच महिन्यात आठ घरांत अशी पाकिटं निघाली. त्यांतल्या तीन घरांत गोळ्या कुटल्या जात होत्या. एका घरात फिटच्या गोळीचे दोन तुकडे करून दिले जात होते. त्या बाईला दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं.

आजी आता बऱ्या आहेत. त्यांची दुखण्याची गोळी बंद केली आहे, गुडघ्याला लावायचं मलम आणि व्यायाम दिला आहे. पोटाची गोळी त्या अख्खी गिळतात. सुरुवातीला जमत नव्हतं, मग सुनेनं रोज शेजारी बसून घोट घोट पाणी देऊन शिकवलं. आम्ही परवा भेटायला गेलो तेव्हा आजी आमच्यापुढे सुनेला म्हणाल्या, "तू कुटून दिलंस ते मला गिळता येईना म्हणून. तुझ्या हातात दोष नव्हता, सांगणाऱ्याच्या तोंडात कमी होती."

मग सांगणाऱ्याला बोलतं करायचं काम आपलं. डॉक्टरांसमोर आपण गप्प राहतो, मेडिकलवाल्याला घाई असते, मागे रांग असते. तरीही पैसे देण्याआधी, पिशवी हातात घेण्याआधी, प्रत्येक गोळीवर बोट ठेवून एवढं विचारायचं: ही गोळी फोडली तर चालते का? उत्तर मिळेपर्यंत काउंटर सोडायचं नाही. मागच्या बाईनं कुरकुर केली तर तिलाही सांगा की तूही विचार.

आज घरी गेल्यावर एकच करा. आधी पाकीट वाचून घ्या, मगच खलबत्ता काढा. पुढच्या भागात पुन्हा भेटू. नमस्कार.